फोटोतून कॅलिडोस्कोप इफेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साध्या फोटोतून कॅलिडोस्कोपसारखी नक्षी कशी काढायची, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कृती मुख्यतः फोटोशॉप आणि गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममधल्या आहेत, पण लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) आणि फ्लिपची (आरशासारखं उलटवण्याची) सोय असलेल्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये यातलं बरंचसं जसंच्या तसं चालतं. शॉर्टकट विंडोजचे दिले आहेत. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन दाबा.

१. कॅलिडोस्कोप इफेक्ट म्हणजे नेमकं काय? फोटो चार वेळा आरशात दाखवला की झालं का?

चार वेळा दाखवला तरी तो कॅलिडोस्कोपच, पण अगदी प्राथमिक. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१७ मध्ये ज्या खेळण्याचं पेटंट घेतलं, त्यात दोन आरसे एकमेकांशी कोन करून बसवलेले असतात. मधल्या चिंचोळ्या जागेत जे दिसतं, त्याचं प्रतिबिंब, मग त्या प्रतिबिंबाचं प्रतिबिंब, असं करत पूर्ण वर्तुळ भरतं. आपल्याला स्क्रीनवर हेच करायचं आहे: फोटोतून एक त्रिकोणी फाक कापायची, तिची आरशातली जोडी तयार करायची आणि ती जोडी मध्याभोवती फिरवत न्यायची.

या पानावर तीन शब्द सतत येतील. फाक म्हणजे कापलेला मूळ त्रिकोण. पाकळी म्हणजे एक सुलटी आणि एक उलटी फाक मिळून झालेली जोडी. सांधा म्हणजे दोन फाका जिथे भेटतात ती रेघ.

२. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? फुकटात होतं का?

होतं. गिंप मोफत आहे आणि त्यात या कामाचा तयार फिल्टर आहे (प्रश्न ७). फोटोशॉपमध्ये तसा फिल्टर नाही, तिथे हाताने रचावं लागतं, पण ताबा जास्त मिळतो. चालत्या चित्रासाठी आफ्टर इफेक्ट्समधला ‘सीसी कलाइडा’ इफेक्ट सोयीचा (प्रश्न १८).

मोबाइलवरची ॲप्स गंमत म्हणून ठीक. छापायचं असेल तर मात्र सेव्ह झालेल्या फाइलची लांबी-रुंदी आधी पिक्सेलमध्ये तपासा. पडद्यावर छान दिसणारी नक्षी पुष्कळदा पडद्याच्याच मापाची सेव्ह झालेली असते.

३. कुठला फोटो चांगला? माझी नक्षी बरोबर जुळते, पण अगदीच मेलेली वाटते.

सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोकळं आकाश, धूसर पार्श्वभूमी, एकसारखी भिंत यांतून काढलेली फाक कितीही वेळा फिरवली तरी नुसते पट्टे दिसतात. हवी असते ती ठळक कडांची गर्दी: फांद्या, लोखंडी जाळ्या, जिने, कापडाच्या चुण्या, काचेवरचे थेंब, गंजाचे पोपडे. उजेड-अंधाराचा फरक मोठा हवा आणि रंग दोन-तीनच असले तर उत्तम.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेघा सांध्याला कशा भेटतात. काटकोनात येणारी रेघ पलीकडे सलग निघून जाते आणि डोळ्याला सांधा कळतच नाही. तिरकी आलेली रेघ तिथे मोडून बाणाचं टोक होते. सांध्याला समांतर धावणारी रेघ दुप्पट जाडीचा पट्टा बनते, आणि ‘काहीतरी चिकटवलंय’ असं वाटायला बहुतेक वेळा हाच पट्टा कारण असतो. म्हणून फाक कापताना मधल्या भागाकडे नंतर पाहा, आधी तिच्या दोन लांब कडांवर काय येतंय ते बघा. आमच्या मते अर्धं काम इथेच होतं.

४. किती फाका घ्यायच्या? कोन कसा ठरवायचा?

३६० ला फाकांच्या संख्येने भागलं की एका फाकेचा कोन मिळतो. अट एकच: फाकांची संख्या सम हवी, कारण प्रत्येक सुलट्या फाकेला उलटी जोडीदार लागते. विषम घेतल्यास काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

८ फाकांना ४५ अंश (४ पाकळ्या), १० ला ३६ अंश (५ पाकळ्या), १२ ला ३० अंश (६ पाकळ्या), १६ ला २२.५ अंश (८ पाकळ्या), २४ ला १५ अंश (१२ पाकळ्या).

पहिल्यांदा करत असाल तर ८ घ्या, त्याची कृती सगळ्यात सोपी आहे. सर्वांत देखणा परिणाम बहुधा १२ वर मिळतो. २४ च्या पुढे फाक इतकी अरुंद होते की मूळ फोटो ओळखू येत नाही आणि कुठल्याही फोटोची नक्षी सारखीच दिसायला लागते.

५. सगळ्यात सोपी पद्धत कोणती? कोन मोजायचा कंटाळा येतो.

मग चौकोनाची पद्धत. चौकोन कर्णावर कापला की ४५ अंशांची फाक आपोआप मिळते आणि पुढचं सगळं ९० अंशांच्या फिरवण्यावर आणि फ्लिपवर होतं. या दोन्हींत पिक्सेल फक्त जागा बदलतात, नव्याने मोजले जात नाहीत. त्यामुळे चित्र कणभरही मऊ पडत नाही.

१. फोटोतून १५०० × १५०० पिक्सेलचा चौकोन क्रॉप करा.
२. कंट्रोल + जे दाबून लेयरची प्रत काढा.
३. वरच्या प्रतीला ‘एडिट – ट्रान्सफॉर्म’मधून आधी ९० अंश घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग फ्लिप हॉरिझॉन्टल करा. आता ही प्रत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णावर उलटलेली आहे.
४. पॉलिगॉनल लॅसोने त्याच कर्णाच्या खालचा त्रिकोण निवडा आणि वरच्या लेयरला मास्क लावा (म्हणजे निवडलेला भागच दिसेल, बाकीचा झाकला जाईल). खालचा लेयर कापू नका, अख्खा राहू द्या (का ते प्रश्न ८ मध्ये). दोन्ही लेयर मर्ज करा, म्हणजे एकत्र करून एकच लेयर करा.
५. ‘इमेज – कॅनव्हास साइज’मध्ये ३००० × ३००० करा आणि अँकर वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा. चौकोन वरच्या डाव्या पावभागात राहील.
६. प्रत काढा, फ्लिप हॉरिझॉन्टल करा, उजवीकडे सरकवून टेकवा आणि मर्ज करा. पुन्हा प्रत, फ्लिप व्हर्टिकल, खाली सरकवा, मर्ज.

इथे चौकोनाचा खालचा उजवा कोपरा नक्षीच्या मध्यात आला. पाचव्या पायरीत अँकर खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून सहावीत डावीकडे आणि वर सरकवलंत, तर वरचा डावा कोपरा मध्यात येईल आणि नक्षी साफ वेगळी दिसेल. कर्ण दोन, प्रत्येक कर्णाचे अर्धे भाग दोन, आणि मध्यात घेण्याजोगी टोकं दोन. म्हणजे एकाच चौकोनातून ८ नक्ष्या निघतात. आठही काढून मगच एक निवडा. पहिलीच सर्वांत चांगली निघणं हा योगायोग.

६. सहा पाकळ्यांची नक्षी फोटोशॉपमध्ये पायरी-पायरीने कशी करायची?

शेवटी ३००० × ३००० चा भरलेला चौरस हवा असं धरू. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर १५०० × १.४१४, म्हणजे सुमारे २१२२ पिक्सेल. फाक तेवढी लांब नसेल तर कोपरे रिकामे राहतात, आणि ही चूक बहुतेकांकडून एकदा तरी होतेच.

१. ५००० × ५००० चा पारदर्शक कॅनव्हास उघडा. ‘व्ह्यू – न्यू गाइड’मधून उभी आणि आडवी गाइड (मदतीची रेघ) ५०% वर टाका. स्नॅप (तुकडा गाइडला आपोआप चिकटण्याची सोय) चालू ठेवा.
२. फोटोत १२२५ रुंद आणि २१२२ उंच असं आयताकृती सिलेक्शन करून ते नव्या लेयरवर कॉपी करा. पॉलिगॉनल लॅसोने या आयताचा कर्णाखालचा अर्धा भाग उडवा. कर्ण असा घ्या की टोकदार ३० अंशांचा कोन खाली येईल आणि डावी कड सरळ उभी राहील.
३. फाक कॅनव्हासवर आणा. टोक बरोबर मध्यावर, उभी कड उभ्या गाइडवर.
४. कंट्रोल + जे, फ्लिप हॉरिझॉन्टल. तुकडा जागच्या जागी उलटतो. तो डावीकडे सरकवून उभ्या कडा एकमेकींना टेकवा. मर्ज करा (कंट्रोल + ई). ही झाली पाकळी, ६० अंशांची.
५. पाकळीची प्रत काढा, कंट्रोल + टी दाबा. वरच्या पट्टीतल्या नऊ ठिपक्यांमधला खालचा मधला ठिपका निवडा, कोन ६० लिहा, एंटर.
६. या फिरवलेल्या पाकळीची प्रत काढून फ्लिप हॉरिझॉन्टल करा आणि पहिल्या पाकळीच्या डाव्या बाजूला बसवा. तिन्ही मर्ज केल्या की नक्षीचा वरचा अर्धा भाग तयार.
७. त्याची प्रत, फ्लिप व्हर्टिकल, आडव्या गाइडखाली टेकवा. मर्ज करा. कॅनव्हास साइज मध्यातल्या अँकरवर ३००० × ३००० करा.

पाचव्या पायरीत नऊ ठिपके चालत नसतील, तर नव्या आवृत्त्यांमध्ये त्यांच्या शेजारच्या छोट्या चौकटीत खूण करावी लागते.

बाकी कोनांसाठी उंची तीच २१२२ ठेवा आणि आयताची रुंदी बदला: ३६ अंशांना १५४२, २२.५ ला ८७९, १५ ला ५६९. (उंचीला कोनाच्या टॅन्जंटने गुणलं की रुंदी मिळते.) ३६ अंशांना कॅनव्हास थोडा मोठा, ५४०० च्या आसपास घ्या.

७. गिंपमधला कॅलिडोस्कोप फिल्टर कुठे आहे आणि त्यातले आकडे काय करतात?

२.१० आवृत्तीत ‘फिल्टर्स – डिस्टॉर्ट्स – कॅलिडोस्कोप’. ‘मिरर्स’चा आकडा वाढवला की पाकळ्या वाढतात. खरी मजा ‘मिरर रोटेशन’मध्ये आहे. त्याने आरसे फोटोवर फिरतात, म्हणजे फाक फोटोच्या कुठल्या भागातून घ्यायची ते बदलतं. ‘रिझल्ट रोटेशन’ फक्त तयार नक्षी फिरवतं. हे दोन एकमेकांत मिसळू नका. ‘सेंटर’ आणि ‘ऑफसेट’ या जोड्यांनी फोटोतला बिंदू आणि नक्षीचा मध्य सरकतो, ०.५ म्हणजे मधोमध.

नक्षीच्या कडेला रिकामे कोपरे दिसले तर ‘रॅप इनपुट’ चालू करा, किंवा झूम वाढवा. फोटो आडवा असेल तर आधी चौरस क्रॉप केलेला बरा.

३.० पासून फिल्टर लेयरवर तसाच टिकून राहतो, म्हणजे आकडे नंतरही बदलता येतात. २.१० मध्ये ओके दाबलं की पिक्सेल बदलतात, म्हणून मूळ लेयरची प्रत ठेवा.

गिंपमध्ये हाताने रचायचं असेल तर फिरवण्यासाठी शिफ्ट + आर दाबा. त्या खिडकीत कोन आणि मध्याचे एक्स-वाय थेट आकड्यांत लिहिता येतात, जे माउसने टोक पकडण्यापेक्षा कितीतरी अचूक.

८. फाकांच्या मधे केसाएवढी पांढरी किंवा पारदर्शक रेघ दिसते. सगळं नीट जुळवलंय, तरीही.

जुळवणीत चूक नाही. तिरक्या कडेवरचे पिक्सेल अर्धे आत, अर्धे बाहेर असतात आणि गुळगुळीत दिसावं म्हणून प्रोग्रॅम त्यांना ५०% अपारदर्शक करतो. दोन फाकांच्या अशा कडा एकावर एक आल्या की १००% होतील असं वाटतं, पण वरची कड निम्मं झाकते आणि खालची उरलेल्या निम्म्याचं निम्मं. एकूण ७५%. उरलेल्या २५ टक्क्यांतून मागची पार्श्वभूमी डोकावते, आणि तीच ती रेघ.

उपाय तीन. सर्वांत चांगला: खालची फाक सांध्यापर्यंत कापूच नका, सांध्यापलीकडेही भरलेली ठेवा (प्रश्न ५ ची चौथी पायरी याचसाठी). दुसरा: प्रत्येक फाक लांब कडेने २ पिक्सेल जास्त कापा आणि तेवढी एकमेकींवर चढवा. दोन पिक्सेलची ढकल नजरेला कळत नाही. तिसरा, काम उरकल्यावर लक्षात आलं तर: पूर्ण नक्षीच्या लेयरच्या दोन प्रती त्याच जागी ठेवून तिन्ही मर्ज करा. ७५% चे ९८% च्या वर होतात. हा जुगाड आहे, पण चालतो.

सिलेक्शनचं अँटी-अलायझिंग (कड गुळगुळीत करणारी हीच सोय) बंद करणं हा मात्र उपाय नाही. रेघ जाते, पण तिच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांची कड येते.

९. मध्यभागी सगळं चिखल झाल्यासारखं का दिसतं?

कारण तिथे जागाच नाही. ३० अंशांची फाक टोकापासून १० पिक्सेलवर जेमतेम ५ पिक्सेल रुंद असते. एवढ्यात पानाची शीर किंवा विटेची फट दिसणं शक्य नाही, आणि त्या भागात बारीक तपशील असला की त्याचा गोंधळच होतो. टोक फोटोतल्या शांत, एकरंगी जागेवर येईल असं पाहा. मध्य एक स्वच्छ ठिपका किंवा तारा दिसतो आणि नजर तिथे टिकते.

फाक बदलायची नसेल तर मध्यावर लहान वर्तुळाकार सिलेक्शन करून आतल्या भागावर थोडा गॉसियन ब्लर द्या. सिलेक्शनला १० ते १५ पिक्सेलचा फेदर (हळूहळू विरत जाणारी कड) हवा.

१०. पाकळ्या फिरवत गेलो तसतशा धूसर होत गेल्या. शेवटची तर अगदीच मऊ.

कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + टी वापरलं असणार. ही आज्ञा मागचं फिरवणं प्रतीसह पुन्हा करते आणि हाताला सोपी आहे, पण प्रत्येक वेळी ती आधीच फिरवलेल्या प्रतीला आणखी ६० अंश फिरवते. ९० च्या पटीत नसलेल्या प्रत्येक फिरवण्यात सगळे पिक्सेल नव्याने मोजले जातात. पाचव्या प्रतीपर्यंत पाच वेळा मोजणी झालेली असते.

पाकळीला आधी स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जसंच्या तसं जपणारा लेयर) करा, किंवा प्रत्येक प्रत मूळ पाकळीवरूनच ६०, १२०, १८० अशी फिरवा. प्रश्न ६ च्या कृतीत ६० अंशांचं फिरवणं एकदाच येतं आणि बाकी सगळं फ्लिपवर होतं, ते यासाठीच. शार्पनिंग करायचं तर सगळं मर्ज झाल्यावर. सुट्या फाकेवर केलं की पारदर्शक कडेशी उजळ किनार उमटते आणि ती प्रत्येक सांध्यावर दिसते.

११. एक पिक्सेल नेहमी चुकतो. कुठेतरी सरकतंच.

कॅनव्हासची मापं सम ठेवा. ३००० रुंदीत मध्यरेषा दोन पिक्सेलच्या बरोबर मधून जाते. ३००१ मध्ये ती एका पिक्सेलच्या पोटातून जाते आणि त्या रांगेचं काय करायचं हा प्रश्नच उरतो. गाइड हाताने ओढू नका, आकडा लिहा. ढकलायला बाणाच्या कळा वापरा.

जुळलंय का ते डोळ्याने ठरवू नका. पूर्ण नक्षीची प्रत काढा, फ्लिप करा आणि ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा. सगळं काळं झालं की जुळलं. जिथे पातळ उजळ रेघा दिसतील, तिथे तेवढंच सरकलेलं आहे.

१२. पाच पाकळ्या चालतात का? सात फाका?

पाच पाकळ्या चालतात, कारण त्या १० फाकांच्या आहेत. पाच किंवा सात *फाका* मात्र आरशाच्या नियमाने बंद होत नाहीत. सुलटी-उलटी अशी आळीपाळी करत गेलं की शेवटी दोन सुलट्या शेजारी येतात आणि तो एक सांधा ठसठशीत तुटलेला दिसतो. खऱ्या कॅलिडोस्कोपच्या नळीतही आरशांचा कोन जरा इकडेतिकडे असला की एक पाकळी अशीच फाटकी दिसते.

पाच पाकळ्यांना एक अडचण आहे: नक्षी डावी-उजवी जुळते, पण वर-खाली नाही. प्रश्न ६ ची सातवी पायरी तिथे लागू पडत नाही. ७२ आणि १४४ अंशांच्या प्रती मूळ पाकळीवरून काढा आणि त्या फ्लिप करून उरलेल्या दोन मिळवा. टाइल करतानाही, म्हणजे नक्षी फरशांसारखी शेजारी शेजारी जोडतानाही, हा फरक आडवा येतो (प्रश्न १४).

१३. मला आरसा नकोय. फिरकीसारखी, एकाच दिशेने वळणारी नक्षी हवी.

म्हणजे फाका न उलटता नुसत्या फिरवायच्या. मग सम-विषम हा प्रश्नच मिटतो, सातही चालतात. पण आरशाने फुकट मिळणारी जुळणीही जाते, आणि प्रत्येक सांध्यावर फाकेची उजवी कड तिच्याच डाव्या कडेला भेटते. दोन्ही कडांवर साधारण सारखा रंग येईल अशी जागा शोधा. फाक एका बाजूने ४० ते ६० पिक्सेल जास्त कापा आणि तेवढ्या पट्टीत मास्कवर काळा-पांढरा ग्रेडियंट द्या. सांधा विरघळतो. आकाश, पाणी, धूर यांचे फोटो इथे चक्क उपयोगी पडतात.

१४. नक्षी वॉलपेपरसारखी सलग जोडायची आहे. कडा जुळतील का?

नक्षी डावी-उजवी आणि वर-खाली अशी दोन्हीकडून आरशासारखी असेल, तर चौकोनी टाइलच्या कडा आपोआप जुळतात. डावी कड आणि उजवी कड हुबेहूब सारखी असते, म्हणून. ४, ६, ८ पाकळ्यांना हे लागू आहे. पाचला नाही, तिथे वरची कड खालच्या कडेला जुळणार नाही. सहाची टाइल जुळते खरी, पण चौकोनी कडेवर मधेच कापलेल्या पाकळ्या जरा ओबडधोबड वाटतात. त्यासाठी प्रश्न १५.

तपासायला फोटोशॉपमध्ये ‘फिल्टर – अदर – ऑफसेट’, निम्मी रुंदी आणि निम्मी उंची, ‘रॅप अराउंड’. गिंपमध्ये हेच शिफ्ट + कंट्रोल + ओ.

१५. तीन आरशांच्या नळीत मधलं एकच फूल न दिसता सगळीकडे नक्षी पसरते. ते कसं करायचं?

तिथे फाक म्हणजे समभुज त्रिकोण. बाजू १००० पिक्सेल घेतली तर उंची ८६६. असे सहा त्रिकोण एका टोकाभोवती आळीपाळीने सुलटे-उलटे लावा, षटकोन होतो. हा षटकोन पुढे फिरवायचा नाही की उलटायचाही नाही, तसाच शेजारी शेजारी मांडत जायचं. सगळ्या कडा जुळतात. चौकोनी टाइल हवी असेल तर सपाट बाजू वर असलेल्या मांडणीतून ३००० × १७३२ चा आयत कापा. खरी उंची १७३२.०५ आहे, पण तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

असे सगळीकडे पसरणारे त्रिकोण आणखी दोनच आहेत: ४५-४५-९० आणि ३०-६०-९०. यातला पहिला प्रश्न ५ मध्ये येऊन गेला.

१६. पोलर कोऑर्डिनेट्स फिल्टरने पण गोल नक्षी होते. तो कॅलिडोस्कोपच ना?

नाही. तो फोटो वाकवून गोल करतो: फोटोशॉपमध्ये ‘रेक्टँग्युलर टू पोलर’ने वरची कड मध्यात गोळा होते आणि खालची परिघावर ताणली जाते. बहुतेक सरळ रेघा कमानी होतात, कॅलिडोस्कोपमध्ये त्या सरळच राहतात. शिवाय फोटोची डावी आणि उजवी कड जिथे भेटते तिथे एक उभा सांधा दिसतो. तो टाळायला आधी फोटो आणि त्याची उलटी प्रत शेजारी जोडून पट्टी करा. अशा सहा जोड्या लावून मग फिल्टर दिला तर झालरीसारखी गोल नक्षी मिळते. ती छानच दिसते, पण वेगळी चीज आहे.

ब्रशच्या सिमेट्रीबद्दलही असाच घोळ होतो. फोटोशॉपची पेंट सिमेट्री, गिंपचं सिमेट्री पेंटिंग, क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रॅमचा मल्टीब्रश (त्यातला ‘स्नोफ्लेक’ प्रकार आरशासह चालतो) ही साधनं तुम्ही काढत असलेली रेघ अनेक ठिकाणी उमटवतात. आधीच असलेल्या फोटोला ती हात लावत नाहीत.

१७. दर वेळी नवी फाक बघायला पुन्हा पहिल्यापासून करायचं का?

मुळीच नाही, आणि खरं तर तसं करूच नये. खऱ्या नळीत आरसे जागेवर असतात आणि काचेचे तुकडे हलतात. फाइलही तशीच बांधा.

फोटोला त्रिकोणी मास्क लावा आणि त्या लेयरला स्मार्ट ऑब्जेक्ट करा. त्याच्या प्रती कंट्रोल + जे ने काढा, त्याच फ्लिप करा, फिरवा. मर्ज करू नका. जोडी एकत्र धरायची असेल तर दोन्ही निवडून पुन्हा स्मार्ट ऑब्जेक्ट करा. आता मूळ स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल-क्लिक करा, फोटो आणि मास्क यांच्यामधली साखळी काढा, फक्त फोटो सरकवा किंवा फिरवा आणि सेव्ह करा. सगळ्या पाकळ्या एकदम बदलतात. दहा मिनिटांत पन्नास नक्ष्या पाहून होतात.

इथे फसतात ते मेन्यूतल्या ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’मुळे. त्याने निघालेली प्रत स्वतंत्र असते, मूळ बदललं तरी ती ढिम्म हलत नाही.

१८. छपाईला किती मोठी लागेल? आणि हलती नक्षी करायची असेल तर?

३० सेंटिमीटरचा चौरस ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) छापायला ३५४३ पिक्सेल लागतात. सम हवं म्हणून ३५४४ घ्या. चौकोनाच्या पद्धतीत फोटोतून त्याच्या निम्मा, १७७२ चा चौकोन पुरतो, म्हणजे ४००० × ३००० चा साधा फोटो भरपूर झाला. सेव्ह पीएनजीत करा. जेपेग चित्राचे ठोकळे पाडून दाबतं आणि ते ठोकळे आरशाची तमा बाळगत नाहीत, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंत बारीक फरक पडतो. घरच्या कामाला तो जाणवत नाही, टाइल करताना जाणवतो.

हलत्या नक्षीसाठी आफ्टर इफेक्ट्समध्ये फोटो आधी प्रीकॉम्प करा (म्हणजे त्याला वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये ठेवा) आणि सीसी कलाइडा त्या प्रीकॉम्पवर लावा. फोटोच्याच लेयरवर इफेक्ट देऊन तो लेयर फिरवला तर आतली नक्षी बदलत नाही, नुसती अख्खी चकती फिरते. कारण तिथे इफेक्ट आधी लागतो आणि फिरवणं नंतर. प्रीकॉम्पच्या आत फोटोला ० ते ३६० अंश फिरवा. १०८० च्या चौरसासाठी मध्यापासून कोपरा ७६४ पिक्सेलवर येतो, म्हणून फोटोची आखूड बाजू १५२८ पेक्षा कमी नको, नाहीतर फिरताना रिकामे कोपरे डोकावतील.

वेग सावकाश ठेवा. २४ फ्रेमच्या हिशेबाने १० सेकंदांत एक फेरी, म्हणजे दर फ्रेमला दीड अंश. शून्याव्या फ्रेमवर ० अंश, २४० व्या फ्रेमवर ३६० अंश, आणि रेंडर २३९ वर थांबवा. २४० वी फ्रेम घेतली तर तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि लूप दर फेरीला एकदा अडखळतो.